दुमडलेला कोपरा

तेल्हाऱ्यातल्या एका कॉलेजच्या गच्चीवर आमच्या खात्याचं एक यंत्र आहे. ते हवा ओढतं आणि हवेतले किरणोत्सारी कण चौकोनी कागदावर अडकवतं. कागद रोज सकाळी सातला बदलायचा, खरखरीत बाजू वर. महिन्याचे कागद एस.टी.च्या पार्सलनं अमरावतीला माझ्याकडे येतात. मी ते मोजते. काम आकड्यांचं आहे, भुताखेतांचं नाही.

कागद बदलायचे ते कॉलेजचे जुने शिपाई शेषराव. मोतीबिंदूमुळे त्यांना दिसत नसे आणि घट्टे पडलेल्या बोटांना बाजू कळत नसे. म्हणून त्यांची बायको पंचफुला प्रत्येक कागदाचा डावा कोपरा दुमडून ठेवायची. नियमात ते बसत नव्हतं. मी चालवून घेतलं.

दिवाळीनंतर पंचफुलाबाई गेल्या. महिनाभर कागद उलटेसुलटे आले. मग एकदम सगळे सुलटे, कोपरा दुमडलेले. मला वाटलं, चला, बाबा शिकले एकदाचे.

मार्चअखेर सुधारलेलं यंत्र बसवायला मी स्वतः गेले. सीलबंद डबीत तीस कागद, तारखा आधीच छापलेल्या. कागद आपोआप बदलतो, माणसाचा हात लागतच नाही. शेषराव त्यावरून हात फिरवत बराच वेळ उभे होते.

"जुनंच राहू द्या ना, मॅडम."

"का हो?"

"कोपरा मी नाई मोडत. सकाळी पाकिटातून काढतो तं मोडलेलाच असते. या डबीत तिले मोडता येईन का?"

मी म्हणाले, "आता त्याची गरजच नाही, बाबा." ते वाक्य मला अजून बोचतं. जुनं यंत्र मी गाडीत घातलं. भिंत धरत धरत ते फाटकापर्यंत आले.

एप्रिल संपल्यावर डबी आली. सील शाबूत होतं, मीच लावलेलं. उघडलं. एक तारखेच्या कागदाचा डावा कोपरा दुमडलेला होता.

दोनच्याही. तीनच्याही.

खरं सांगते, आनंद झाला. बाबांना सांगावं म्हणून लगेच कॉलेजात फोन लावला.

"शेषरावबाबा? ते तं अठरालेच वारले, मॅडम."

फोन ठेवला. उरलेले कागद चाळत गेले.

अठरापर्यंत डावा कोपरा.

एकोणीसपासून उजवाही दुमडलेला होता. वाकडातिकडा, चाचपडत मोडल्यासारखा.