कण्हेरीपाशी थांबणारा दगडू

ही हकिकत सन दोन हजार एकोणसाठमधील आहे. साताऱ्यात डोंगराच्या उतारावर शाल्मलीचे घर होते आणि रस्त्यापासून त्या घरापर्यंत दगडी पायऱ्यांची उभी चढण होती. दररोज सायंकाळी त्यांच्या घरचा यंत्रमानव (माणसाची कामे करणारे चालतेबोलते यंत्र) खालून दूध घेऊन ही चढण चढत असे. त्याचे नाव दगडू. हे नाव आजीने ठेवले होते; कारण त्याला प्रथम खोक्याबाहेर काढताना आजोबांची कंबर धरली होती.

परंतु दगडूचे एक वर्तन कोड्यात टाकणारे होते. चढणीच्या मध्यावर कण्हेरीचे झाड होते. तेथे येताच तो थबके. वाटेत ना खड्डा, ना अडथळा! तरीही मान किंचित मागे वळवून तो काही वेळ निश्चल उभा राही आणि मग काहीच झाले नाही अशा रीतीने पुढे चालू लागे.

शेजारच्या निंबाळकरकाकूंचा नवाकोरा यंत्रमानव त्याला मागे टाकून टणाटण वर जाई. काकू कठड्यावरून हसत. "काय गं शाल्मली, तुमच्या दगडूला दम लागतो वाटतं! च्यवनप्राश द्या की त्याला!"

शाल्मलीला हे फार झोंबे. तिने आजोबांना विचारले, "आजोबा, दगडू कण्हेरीपाशी का थांबतो?"

"थांबू दे गं त्याला," एवढेच बोलून आजोबा खिडकीकडे वळले.

शाल्मलीचे आजोबा, शिरीषराव, यांनी जन्मभर आज्ञावल्या (यंत्राने काय करावे हे क्रमाने सांगणाऱ्या ओळी) लिहिल्या होत्या. आजी हेमांगी त्यांच्याच कचेरीत तेच काम करी. दगडूची आज्ञावली दोघांनी मिळून रचली होती. मार्गशीर्षात आजी गेली आणि तेव्हापासून आजोबांनी त्या आज्ञावलीला हात लावला नव्हता.

उत्तर न मिळालेला प्रश्न मनात कुसळासारखा सलतो. एके दुपारी आजोबांचा डोळा लागलेला पाहून शाल्मलीने त्यांचा संगणक उघडला. आज्ञावली वाचायला ती शाळेत शिकली होती. शोधता शोधता तिला ती ओळ सापडली : ‘झाडापाशी थांब. दुसरा ध्वनी शांत झाला की चाल. ध्वनी ऐकूच न आल्यास थोडी वाट पाहून चाल.’

कसला दुसरा ध्वनी? तेथे तर कोणताच ध्वनी नसतो! ही ओळ निरुपयोगी आहे, असे ठरवून शाल्मलीने ती पुसून टाकली.

तोच पडद्यावर प्रश्न उमटला : ‘परीक्षकाची मंजुरी?’

बालमित्रहो, परीक्षण (एकाने लिहिलेले दुसऱ्याने तपासणे) हा या व्यवसायातील जुना दंडक आहे. आपली चूक आपल्याला दिसत नाही. म्हणून लिहिणाऱ्याने स्वतःच्या ओळी स्वतः मंजूर करावयाच्या नसतात. आजीआजोबांनी हा कचेरीतला दंडक घरीही पाळला होता. त्यामुळे परीक्षक म्हणून तेथे एकच नाव होते : हेमांगी.

आजीचा परवलीचा शब्द शाल्मलीला ठाऊक होता. लहानपणी आजीच्या मांडीवर बसून तिनेच कितीदा तरी ‘मंजूर’ची कळ दाबली होती. तिने आताही ती दाबली.

सायंकाळी दगडू न थांबता सरळ वर आला. शाल्मली टाळ्या पिटणार, इतक्यात तिला आजोबा दिसले. रोजच्याप्रमाणे दगडूच्या मागून येता येता ते कण्हेरीपाशी थांबले होते. एका हाताने खोड धरून ते दूर जाणाऱ्या त्या यंत्राकडे पाहत होते.

घरात येताच त्यांनी संगणक उघडला. पडद्यावर अक्षरे होती : ‘बदल मंजूर. परीक्षक : हेमांगी. आज दुपारी.’

आजोबांचा चेहरा क्षणभर असा उजळला, की तसा तो कित्येक महिन्यांत कोणी पाहिला नव्हता.

"हेमा?" ते हळूच म्हणाले.

मग त्यांना उमगले. तो उजेड विझताना शाल्मलीने पाहिला आणि तिला रडू कोसळले. "आजोबा, ते मी केलं! ती ओळ उगीचच होती म्हणून..."

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी तिला जवळ बसवले.

"तुझ्या आजीला दमा होता, ठाऊक आहे ना? दगडू भराभर चढायचा आणि ती मागे पडायची. म्हणून ती ओळ लिहिली. पहिला ध्वनी दगडूच्या पावलांचा. दुसरा तिच्या श्वासाचा."

"मग आता तो कशाला थांबायचा?"

"यंत्राला गेलेलं माणूस कळत नाही, बाळ. श्वास ऐकू येत नाही, एवढंच कळतं. म्हणून तो थोडी वाट पाहायचा आणि निघायचा." आजोबांनी चष्मा काढला. "मीही तेवढंच करत होतो त्याच्या मागे."

शाल्मलीने त्यांचा हात धरला.

"चूक माझीही आहे," आजोबा म्हणाले. "ती ओळ कशासाठी आहे, हे मी शेजारी लिहिलंच नाही. आम्हा दोघांना माहीत होतं ना! पण ओळ लिहिणारे कायम राहत नाहीत. म्हणून कारण लिहून ठेवावं. आणि कारण कळेपर्यंत दुसऱ्याची ओळ पुसू नये."

"आता ती गेलीच का?"

"नाही. प्रत्येक बदलाआधीची आवृत्ती (आज्ञावलीचे त्या वेळचे जसेच्या तसे रूप) जपून ठेवलेली असते. हे बघ." त्यांनी एक कळ दाबली आणि पुसलेली ओळ जागच्या जागी आली.

"म्हणजे सगळंच परत आणता येतं?"

"लिहिलेलं येतं," आजोबा म्हणाले.

पडद्यावर पुन्हा तोच प्रश्न उमटला : ‘परीक्षकाची मंजुरी?’ आजोबांचा हात कितीतरी वेळ अधांतरीच राहिला. शेवटी त्यांनी हेमांगी हे नाव काढले आणि त्या जागी शाल्मली असे लिहिले. "तिचं नाव मागच्या आवृत्त्यांत राहीलच," ते स्वतःशीच पुटपुटले. "तपास बघू."

शाल्मलीने डोळे पुसून ओळ पुनःपुन्हा वाचली. "नामंजूर," ती म्हणाली.

"का गं?"

"कारण लिहिलेलं नाही. आणि हा फक्त आजीचाच श्वास ऐकतो. आज तुम्ही खोड धरून उभे होता. तुम्हालाही दम लागतो, आजोबा. ‘मागून येणारा कोणीही’ असं करा."

आजोबा हसले, पण त्यांचे डोळे भरून आले. "तीही पहिल्या फेरीत कधी पास करायची नाही मला!"

त्यांनी ओळ सुधारली. शेजारी लिहिले : ‘हेमांगी मागे राहू नये म्हणून प्रथम लिहिली. आता कोणीच मागे राहू नये म्हणून.’ मग शाल्मलीने मंजुरी दिली. या वेळी स्वतःच्या नावाने.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी दगडू कण्हेरीपाशी थांबला.

"अगं, पुन्हा थांबला की तुमचा म्हातारा दगडू!" काकू कठड्यावरून ओरडल्या.

"आजोबांना दम लागतो ना, काकू!"

काकूंचे हसू मावळले. "असं होय... मग आमच्यालाही शिकव की गं. माझे गुडघे तरी कुठे ऐकतात आता!"

"शिकवीन. पण आजोबांनी तपासल्याशिवाय नाही!"

खाली आजोबा खोडाला टेकून उभे होते. त्यांनी एकदा मागच्या रिकाम्या पायरीकडे पाहिले. दगडूने मान वळवून कान दिला. श्वास संथ झाला, तसे ते दोघेही वर चालू लागले.