मागच्या रांगेत डावीकडून दुसरा

अनोळखी माणसाच्या मांडीवरचा फोटो न विचारता उचलणं हे काही चांगल्या घरच्या मुलीचं लक्षण नाही. इतवारीतल्या फ्रेमच्या दुकानात मी नेमकं तेच केलं. तो बाकड्यावर बसून दुकानदाराशी हुज्जत घालत होता. काच बदलायची, पण त्याच्यासमोर. फोटो दुकानात ठेवायचा नाही. दुकानदार म्हणत होता, संध्याकाळी या. हा म्हणत होता, संध्याकाळपर्यंत मी इथंच बसतो. तेवढ्यात माझी नजर फोटोवर गेली, आणि मागोमाग हातही.

"ओ मॅडम," तो म्हणाला, "तो माहा आहे."

"गोंडवन मोटर्स…" मी म्हणाले.

गोंडवन मोटर्स म्हणजे कामठी रोडवरचा बंद पडलेला कारखाना. सत्तरेक वर्षांपूर्वी तिथे नागपूरच्या कारागिरांनी हातानं पत्रा ठोकून मोटारी बनवल्या. थोड्याच बनल्या, मग दाराला कुलूप लागलं. त्यातली एक गाडी अजून चालते. तिचे मालक, डॉक्टर अनंतराव, यांना कारखान्याचे जुने फोटो हवे होते, आणि जुने फोटो नीट करणं हा माझा धंदा. उन्हाळ्यापासून मी घरोघर हिंडत होते. शेड मिळाली होती, भट्टी मिळाली होती, अर्धवट सांगाड्यापाशी विडी ओढणारे मुकादम मिळाले होते. प्रत्येक फोटो हाती आला की मी थोडा वेळ नुसती बघत बसायची. आपल्या गावात मोटार बनत होती, आणि कुणाला पत्ता नाही!

या फोटोत दसरा होता. पहिली गाडी तयार झालेली, तिच्यावर झेंडूचा हार, बॉनेटवर आपट्याची पानं, आणि मागे दोन रांगांत डझनभर कामगार, धुतलेले सदरे घालून, बहुतेक अनवाणी. कारखान्याच्या शेठजींनी तेव्हा प्रत्येकाला एकेक प्रत दिली होती. कोराडीच्या शोभाताईंनी मला अशीच प्रत दिली होती, पण तिच्यात पुढच्या रांगेतल्या एकाचा चेहरा कातरून काढलेला होता. याच्या फोटोत पुढची रांग पूर्ण होती, आणि मागच्या रांगेत, डावीकडून दुसऱ्या माणसाच्या खांद्यांवर भोक होतं.

त्याचं नाव ऋषिकेश धोटे, काटोलचा, घरी संत्र्याची बाग. कातरलेला माणूस त्याचा आजोबा, दौलत. शेतीला कंटाळून पत्रा ठोकायला नागपूरला आला आणि दोनेक वर्षांत तापानं गेला. घरात त्याचा दुसरा फोटो नव्हता. मग त्या काळी सगळेच करत तसं केलं. पूजेला लावायला चेहरा कातरला, मोठा करायला स्टुडिओत दिला. तो तिथे हरवला.

ऐकता ऐकता मी त्याला कोराडीच्या फोटोचं सांगितलं. शोभाताईंच्या घरीही असंच झालं असणार. ज्या घरातला माणूस गेला, त्या घरानं त्याचा चेहरा कापला. म्हणजे आपला माणूस आपल्याच प्रतीत नाही, आणि बाकी सगळ्यांच्या घरी शाबूत!

"मंग तुमच्या त्या कोराडीच्या फोटोत माहा आजा असन," तो एकदम उभा राहिला.

मला सांगावं लागलं. शोभाताईंच्या फोटोची डावी बाजू वाळवीनं खाल्ली होती. तो परत खाली बसला. त्याचे वडील, महादेवराव, बाप गेला तेव्हा रांगत होते. सत्तरी गाठली, पण बापाचा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. रोज सकाळी देवाला हात जोडले की ते या भोकालाही जोडतात, असं ऋषिकेश खाली बघत म्हणाला.

"आणखी घरं आहेत," मी म्हणाले. "शोधू."

"शोधू म्हणजे कोण कोण?"

"तुम्ही गाडी चालवा, मी पत्ते विचारते."

ही अशी आमची सुरुवात. दर रविवारी तो काटोलहून यायचा, आणि आम्ही कुणाच्या तरी नातवाचं दार ठोठावायचो. एका घरी फोटो भंगारात गेलेला, दुसऱ्या घरी पुरात. फोटो मात्र ऋषिकेशच्या गळ्यातल्या पिशवीत, टॉवेलमध्ये गुंडाळलेला. स्कॅन करायला तो माझ्या घरी आला, तर मशीनपाशी राखण करत बसला. मी म्हटलं, मी काही पळून जाणार नाही. तो म्हणाला, तुमचा भरवसा आहे मॅडम, मशीनचा नाही.

स्कॅन झाल्यावर मी त्याला गाडीचा दिवा मोठा करून दाखवला. काचेत समोरचं सगळं उतरलं होतं. तीन पायांचा कॅमेरा, काळ्या कापडाखाली वाकलेला फोटोग्राफर, वरती आकाश. तो पडद्याजवळ सरकला.

"त्या दिवशीचं ऊन…" तो हळूच म्हणाला, "अजून आहे त्याच्यात."

त्याचं बोट पडद्यावर माझ्या बोटाशेजारी येऊन थांबलं. दोघांनीही ते काढलं नाही. त्या रात्री आईनं दोनदा विचारलं, भाजीत मीठ काहून नाही म्हणून.

थंडी पडल्यावर बुटीबोरीला मनकर्णाबाई सापडल्या. मुलगा तिथल्या कापडाच्या कारखान्यात कामाला. त्यांचे वडील किसन फोटोत दौलतच्या अगदी शेजारी, गालाला गाल लावून उभे. मनकर्णाबाईंनी प्रत आणली. किसनचा चेहरा कुणीतरी शिंप्याच्या मोठ्या कात्रीनं कापला होता, आणि त्या सपाट्यात शेजारच्या दौलतचाही अर्धा चेहरा गेला होता. उरला होता एक डोळा, एक कान, अर्धी मिशी. ऋषिकेश भिंतीला टेकून जमिनीवरच बसला.

माझ्या डोक्यात मात्र कात्री फिरत होती. जे कापलं, ते गेलं कुठं?

ते देवघरात होतं. पितरांच्या टाकांशेजारी आगपेटीएवढी पितळी फ्रेम, तिच्यात किसनचा चेहरा, भोवती पुठ्ठ्याची लंबगोल किनार. त्या किनारीखाली दौलतचा उरलेला गाल असणार. मी मनकर्णाबाईंना समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"आखाजीबिगर मी त्यायले हालवत नाही, बाई. पितरायले पाणी देतो, तवाच उचलतो."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, थेट वैशाखात. ऋषिकेशनं वाद घातला नाही. त्यानं पिशवी गळ्यातून काढली, टॉवेल सोडला आणि तो फोटो, जो त्यानं माझ्याही हातात कधी एकटा सोडला नव्हता, मनकर्णाबाईंच्या मांडीवर ठेवला.

"मावशी, याच्यात तुमचे वडील पुरे आहेत," तो म्हणाला. "तुमच्यापाशीच राहू द्या."

मनकर्णाबाईंनी बापाचा चेहरा पाहिला होता आणि बापाचं धडही, पण दोन्ही एका जागी कधीच नाही. त्यांनी फोटो जवळ घेतला. किसनचा हात हाराच्या टोकाशी होता, त्यावरून त्यांनी बोट फिरवलं. मग त्या उठल्या, हातपाय धुतले, दिवा लावला आणि फ्रेमला म्हणाल्या, "बाबा, घटकाभर उठा. शेजाऱ्याले वाट द्या."

पुठ्ठा निघाला. खाली दुसरा डोळा होता, अर्धी मिशी होती, आणि ओठाचा कोपरा, हसू दाबलेला.

मी त्या चेहऱ्याकडे बघायला हवं होतं. मी ऋषिकेशकडे बघत होते. मी या माणसाच्या प्रेमात पडले आहे, हे मला तिथे, त्या देवघरासमोर, स्वच्छ कळलं.

परतताना त्यानं वर्धा रोडला गाडी बाजूला घेतली. ट्रक जात होते, आणि तो स्टिअरिंगशी बोलत होता.

"आता काम झालं. आता तुम्ही… काटोलले काहून याल?"

"फोटो द्यायला."

"आन् त्याच्यानंतर? मले वाटते, तुम्ही यावं. म्हणजे… राहायले. नेहमीसाठी."

माझं उत्तर ओठांवरच होतं. पण त्या घरात एक माणूस सत्तर वर्षं थांबला होता, त्याच्या आधी माझा नंबर कसा लागेल? आधी तुमच्या बाबांना चेहरा दाखवू, मग सांगते, असं मी म्हणाले. त्यानं विचारलं, तोवर मी काय करू? मी म्हटलं, गाडी चालवा.

बुटीबोरीला दोन्ही अर्ध्यांचे फोटो काढून आणले होते, ते मी ऋषिकेशच्या स्कॅनमध्ये जुळवले. मी एक रेघही मनानं काढली नाही. पुढच्या रविवारी मोठी प्रत घेऊन काटोलला गेले. महादेवराव अंगणात बाजेवर बसून संत्री निवडत होते. त्यांनी हात धुतले, दुपट्ट्याला पुसले आणि फोटो गुडघ्यांवर घेतला. कुणी काही दाखवायची गरज नव्हती. ती जागा त्यांना पाठ होती.

"हा तं पोरगा आहे," ते म्हणाले. "आपल्या ऋषीहून लहान."

त्यांनी फोटोतल्या कानाला बोट लावलं, मग स्वतःच्या कानाला. मग ते खाली वाकले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "बाबा." सत्तर वर्षांत त्यांनी पहिल्यांदा कुणाच्या तरी तोंडाकडे बघून ही हाक मारली होती. माझे डोळे भरून आले, आणि मी ते पुसलेही नाहीत.

मग त्यांनी एकेकावरून बोट फिरवलं. मी सांगत गेले, हा किसन, हा शोभाताईंचा आजा. फिरता फिरता ते थांबले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"एवढ्यायच्या घरी हिंडली तू. याच्यात तुह्या घरचं कोण आहे वं, पोरी?"

माझ्या घरचं त्यात कुणीच नव्हतं. ऋषिकेश दाराशी टोपलं धरून उभा होता, खाली मान घालून. मी पुढे झाले आणि मागच्या रांगेत, डावीकडून दुसऱ्या माणसावर बोट ठेवलं.

"हे," मी म्हणाले.

महादेवरावांनी माझ्या बोटाकडे पाहिलं, मग दाराकडे. टोपल्यातली संत्री अंगणभर घरंगळत होती. ते बाजेवर थोडे सरकले.

"मंग परक्यावानी उभी काहून? बस माह्यापाशी."