श्वास कापायचा नाही

बँड का सोडला, असं ज्याने ज्याने विचारलं त्याला मी खरं कारण सांगितलं, आणि कोणालाच ते पटलं नाही. मास्तर माझे श्वास कापायचे.

मास्तर म्हणजे आमच्या बँडचे ऑर्गनवाले आणि कर्तेधर्ते. चाली त्यांच्या, शब्द त्यांचे. एकेक गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू खायचं. मध्येच सात मात्रा, मध्येच अकरा, आणि लोक डोळे मिटून ऐकत बसायचे. आम्ही भलतेच गाजलो होतो. गाऊन झालं की मास्तर टेप बोटाने पुढेमागे सरकवत, दोन ओळींमधला माझा श्वास शोधत, पात्याने तेवढा तुकडा काढत आणि तिथे कोरी टेप चिकटवत.

"माणूस गातोय असं वाटता कामा नये," ते म्हणत. "गाणं आपलं आपण गातंय असं वाटलं पाहिजे."

"मग माणूस कशाला ठेवलाय?" मी एकदा विचारलं, आणि त्याच दिवशी निघाले.

माझे स्वतःचे अल्बम गालिच्यांच्या दुकानावरच्या खोलीत झाले. भिंतींवर न खपलेले गालिचे ठोकलेले होते. लोकरीचा आणि तापलेल्या यंत्रांचा वास तिथे कायमचा बसलेला. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट असायचा. दिवसभरात चार शब्द बोलला तरी खूप, म्हणून माझ्या धाकट्या बहिणीने त्याचं नाव मौनी ठेवलं होतं. धाकटी माझी सगळी कामं बघायची. प्रवास, जेवणखाण, भांडणं. त्यातल्या त्यात भांडणं जास्त मन लावून.

पहिल्याच दिवशी मी मौनीला बजावलं, "श्वास कापायचा नाही."

"एकही?"

"एकही."

शब्द आता माझे होते. लिहायला मी बँड सोडल्यावर शिकले. तोवर मास्तर ओळी तोंडी सांगत आणि मी पाठ करी. पहिला अल्बम आला तेव्हा एका वर्तमानपत्राने मला 'धापा टाकणारी बाई' म्हटलं. धाकटीने ते कात्रण स्वयंपाकघरात डकवलं. "ताई, फुकटची जाहिरात आहे," म्हणाली.

दुसऱ्या अल्बमच्या वेळी गोष्ट सुरू झाली. गायलेलं परत ऐकत होतो. दोन ओळी गेल्या, मधली जागा रिकामी. पुढच्या दोन गेल्या, पुन्हा रिकामी.

"मौनी, कापलंस?"

त्याने नकारार्थी मान हलवली. मग उठला, टेप सोडवून खिडकीच्या उजेडात धरली आणि सगळी लांबी दोन बोटांमधून जाऊ दिली. कुठे जोड नव्हता. परत लावून त्याने मला नुसती यंत्रावरची, आवाज मोजणारी सुई दाखवली. मी गात होते तेव्हा ती उड्या मारत होती. माझी ओळ संपली की आडवी पडत होती. रिकाम्या खोलीचीही एक सळसळ असते, तेवढ्यानेसुद्धा सुई थरथरते. इथे तेही नाही.

मी पुन्हा गायले. मुद्दाम भात्यासारखे श्वास घेतले. धाकटी तोंडावर पदर दाबून हसत होती. टेप लावल्यावर ती हसायची थांबली.

अल्बम संपता संपता मला आणखी एक जाणवलं. लांब ओळ संपल्यावर छाती काही मागत नव्हती. श्वास मी घेत होते, पण सवयीने.

मग बँडची नवी रेकॉर्ड आली. माझ्या जागी त्यांनी एक नवा गायक घेतला होता. गळा गोड, ओळी सुरेख लांब. "ऐकू तरी काय दिवे लावलेत," म्हणत धाकटीने ती लावली. पहिली ओळ संपली आणि एक श्वास ऐकू आला.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. लहानपणी झोक्यावरून पडून माझं नाक मोडलं होतं. माझ्या श्वासाच्या शेवटी एक बारीक शिट्टी वाजते. ती त्या रेकॉर्डवर होती. प्रत्येक ओळीआधी.

"जुने तुकडे चिकटवलेत त्या चोराने!" धाकटी ओरडली.

मलाही तसंच वाटलं. तसंच असणार, दुसरं काय? पण दुसऱ्या बाजूला एका ठिकाणी त्या श्वासात घरघर आली. आदल्या थंडीत माझी छाती भरली होती. त्याआधी आयुष्यात मला कधी घरघर लागली नव्हती. आणि त्या थंडीपर्यंत बँड सोडून मला वर्षं झाली होती.

धाकटीने रेकॉर्ड बंद केली.

तिसऱ्या अल्बमची तयारी चालू असताना एका दुपारी मास्तर जिना चढून आले. अंगावरचा कोट त्यांना मोठा होत होता.

"परत ये," ते म्हणाले.

"आधी ताईचे श्वास परत करा," धाकटी म्हणाली. "पिशवी आणलीत ना?"

ते हसले नाहीत. "आम्ही कापतो गं," ते माझ्याकडे बघत म्हणाले. "कापतो, टेप लावतो. तो परत तिथेच असतो."

"नव्याचा असेल."

"नव्याचा नाही. मी त्याच्याजवळ उभा राहून पाहिलंय. तो गाताना घेतच नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "तुझ्यावर भागतंय त्याचं."

खाली दुकानात कोणीतरी गालिचा झटकत होतं.

"तू जितकं गाशील तितकं जाईल," मास्तर म्हणाले. "आमच्यात ये. एका खोलीत गायलीस तर तुझं तुझ्यापाशी राहील. नाहीतर गाणं बंद कर."

"दोन्ही वाटा तुमच्याच दारात येतात की, मास्तर."

"हट्ट करू नकोस. मरशील."

"बँडमध्ये होते तेव्हा श्वास कापलात. गेले तर मागून ओढलात. आता गाणंही देऊ? जिना तिकडे आहे. तिसरी पायरी मोडकी आहे, जपून उतरा."

ते गेल्यावर मी जुळवलेली सगळी गाणी बाजूला ठेवली आणि एकच लिहिलं. रेकॉर्डची एक पूर्ण बाजू भरेल एवढं. एका ओळीचा शेवटचा शब्द हाच दुसरीचा पहिला.

धाकटीने कागद खालीवर करून पाहिला. "ह्यात थांबायचं कुठे?"

"कुठेच नाही. मी श्वास घेतलाच नाही, तर तो ओढणार काय?"

"ताई, नको ना गं. आपण टोप्यांचं दुकान काढू. तुझ्या ओरडण्याने गिऱ्हाईक येईल."

"टोप्या तू वीक. मला गायचंय."

ती काचेपलीकडे मौनीशेजारी जाऊन बसली. ड्रम आणि गिटार आधीच टेपवर घेतले होते. मी हेडफोन चढवला.

गायला लागले.

पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. मी छातीच्या मागणीची वाट बघत होते.

मागणी आली नाही.

आवाज मोठा झाला. इतका मोकळा मी कधीच गायले नव्हते. सातातून अकरात गेले, अकरातून परत सातात.

काचेपलीकडे मौनी उभा राहिला. धाकटीने त्याची बाही धरली होती.

शेवटचा सूर लावला. तो सोडावासा वाटेना, म्हणून सोडला नाही.

वाद्यं संपली. सूर चालूच होता.

टेप संपली. तिचं टोक चाकावर फटफट वाजत राहिलं.

"बाई," मौनी म्हणाला. "पुरे."

मी तोंड मिटलं.

त्याच दुपारी बँडचा नवा गायक तालमीत एका ओळीच्या मधोमध थांबला. तोंड उघडं, आवाज नाही. वाचला तो, पण पुन्हा गायला नाही. मास्तरांनी बँड मोडला. माझा तिसरा अल्बम निघाला, खपला, अजून खपतो. लोक मला विचारतात, टेप कुठे जोडली आहे? मी सांगते, शोधा.

आता चौथ्याचं काम चाललंय. धाकटी सकाळी चहा आणते आणि फुंकर घालून निववून देऊ का विचारते. मी नको म्हणते. माझा चहा मी गरमच पिते. कप ओठांशी धरते. वाफ माझ्या नाकासमोरून सरळ वर जाते, जराही हलत नाही.