चंद्री कोंडवाड्यात कशी गेली?

"आज सांजच्याला माझ्या म्हशीचा लिलाव हाय, यशवंतराव. आन् गुन्हा तिनं केलेलाच न्हाई!"

निघोज्याच्या शालनबाई सकाळीच चिंचवडला गुप्तहेर यशवंतरावांच्या ओसरीवर येऊन बसल्या होत्या. घरी दोन लेकरं, आणि घर चालायचं ते चंद्री म्हशीच्या दुधावर.

"आज पहाटं दुसऱ्यांदा हिंदुरावांच्या लसूणघासाच्या शेतात सापडली म्हनं. जनावर पाळायचं तर बांधायची जबाबदारी धन्याची, म्हनून पंचांनी ती विकायचं ठरवलं. दावं म्या ह्या हातानं बांधलं व्हतं!"

"तुटलं का?"

"न्हाई, कुनीतरी सोडलं. पर परका जवळ आला की चंद्री शिंगावर घेती."

हे मात्र खरं. चंद्रीनं एकदा चाकणची एस.टी. शिंगं लावून आल्या वाटेनं परत धाडली होती, असं निघोजेकर शपथेवर सांगतात.

"आणली कुठून?"

"चाकणच्या बाजारातनं, गेल्या साली. दलालाकडनं."

"उघड आहे," यशवंतरावांचे जाडजूड मित्र दत्तोबा म्हणाले. "हिंदुरावांचा डाव!"

निघोज्यात हिंदुराव शेताच्या बांधावरच भेटले. शेत त्यांचं आणि गावचे पंचही तेच.

"म्हैस तुम्ही पाहिलीत?"

"आमी कशाला बघतोय? कोंडवाड्याच्या आबाजीनं पकडली. खाल्लेला घास मात्र बांधावरनं दिसला."

दत्तोबा तपासाच्या जोमात थेट शेतात उतरले आणि घोट्यापर्यंत रुतले. वहाण चिखलानं ठेवून घेतली.

"जपून! कालच पाटाचं पाणी दिलंय," हिंदुराव हसले.

यशवंतराव वाकून घासाचे बुडखे पाहत होते. सगळे एका उंचीवर, तिरपे, स्वच्छ.

कोंडवाड्यात चंद्री चकचकीत उभी होती. शिंगांना तेल, पुढ्यात हिरवा घास. राखणदार आबाजींची भाकरी मात्र फडक्यात तशीच बांधलेली.

"जेवला नाहीत?"

"भूक न्हाई."

"घरची गुरं कोण बघतं?"

"राखणदारानं घरी जनावर ठेवायचं न्हाई, असा गावचा नेम हाय. गेल्या साली नेमणूक झाली आन् गोठा मोकळा केला."

इतक्यात दत्तोबांनी चंद्रीला थोपटायला हात पुढं केला. चंद्रीनं मान खाली घातली, आणि दत्तोबा कुंपणावर चढले. त्या देहाला हे जमतं, हे त्यांनाही तेव्हाच कळलं. आबाजींनी नुसतं "च्च, बाय" म्हटलं. चंद्रीनं गळा खाजवायला पुढं केला.

"बोलवा सगळ्यांना," यशवंतराव म्हणाले.

हिंदुराव आले, शालनबाई आल्या.

"चंद्री त्या शेतात गेलीच नाही," यशवंतरावांनी सुरुवात केली. "ज्या चिखलात दत्तोबा रुतले, तिथं म्हशीचा एक खूर उमटलेला नाही, आहेत ती माणसाची पावलं. म्हैस घास ओरबाडते. हा विळ्यानं कापलाय. कापलेला घास हा इथं, तिच्या पुढ्यात. दावं सोडणारा तिच्या ओळखीचाच हवा. शालनबाईंनी म्हैस गेल्या साली बाजारातून घेतली, आणि गेल्याच साली कुणीतरी आपला गोठा मोकळा केला. आबाजी, चंद्री तुमची ना?"

आबाजींनी मान खाली घातली. "माझ्या हातावर जन्मली. एखादा दिस जवळ असावी वाटायचं, म्हनून दोन्ही येळा म्याच आनली. कारन दाखवायला घास कापला. पंच लिलाव मांडतील, हे कुनाला ठावं? आन् खरं बोलावं तर नोकरी…"

"आन् माझी लेकरं?" शालनबाई कडाडल्या. "त्यांच्या तोंडचं दूध न्हाई आठवलं?"

आबाजींनी छातीवरचा पितळी बिल्ला काढून हिंदुरावांपुढं धरला. हिंदुराव तो घेणार, तोच शालनबाईंनी त्यांचा हात अडवला.

"थांबा. घरी जनावर ठेवायचं न्हाई, हा नेम. दुसऱ्याच्या गोठ्यात येऊन दिवसाढवळ्या धार काढायची न्हाई, असा नेम हाय का?"

हिंदुरावांनी बराच वेळ टोपी मागं-पुढं केली. "तसा… न्हाई बा."

"मग लिलाव मोडा. आन् कापलेल्या घासाच्या बदली राखणदार तुमच्या शेतात राबतील. आबाजी, धारेची येळ झाली. चला!"

आबाजींनी डोळे पुसले, फाटक उघडलं. पुढं शालनबाई, मागं चंद्री, आणि तिच्यामागं, कोंडवाडा सताड उघडा टाकून, गावाचा राखणदार.