पाठमोरा

"अहो सर, थांबा! जखम उजव्या भुवईवर होती, डाव्या नाही!"

बाजूनं ओझरती जखम दिसली आणि पुढे निघालेल्या पाठमोऱ्या हिरोचा मी दंडच धरला. तो वळला… आणि माझी बोबडीच वळली. हिरो नव्हताच तो!

"मी त्यांचा डुप्लिकेट," तो हसला. "मार मी खातो, टाळ्या ते घेतात. भुवई कुठलीही चालेल. माझा चेहरा दिसतच नाही."

सिनेमा तेलुगू होता. ओळख हरवलेला एक माणूस हाणामाऱ्या करत आपलं घर शोधतो. जखमा, बटणं, बाह्या आधीच्या शॉटशी जुळतात का, हे बघायचं माझं काम. त्या दिवसापासून मी जरा जास्तच बघायला लागले. तो तिसऱ्या मजल्यावरून गादीवर पडायचा, उठायचा आणि आधी माझ्याकडे बघायचा.

"जुळलं का?"

"बाही जुळली," मी वहीत डोकं खुपसायचे. "बाकीचं… बघू."

मग सिनेमातल्या हिरोच्या भावाचं काम करणारा नट आजारी पडला. प्रसंग दोनच मिनिटांचा, पण चेहरा दिसणारा! मी थेट दिग्दर्शकांकडे गेले. "सर, याला एकदा बघा."

तो चालत आला आणि दिग्दर्शकांनी कपाळाला हात लावला. "अरे, हा तर हिरोचीच चाल चालतो! मला भाऊ हवाय, सावली नको. परवा सकाळपर्यंत जमलं तर ये."

तो पायरीवर बसला. "नऊ वर्षं त्यांच्यासारखा चालतोय. माझी चाल मला आठवतच नाही. शिवाय चेहरा दिसला, की या सिनेमात डुप्लिकेटचं काम बंद. सोडून द्या…"

"मी नाही सोडणार. तुम्ही ठरवा, उभं राहायचंय की पडतच राहायचंय?"

मग त्यानं स्पीकरवर आईला फोन लावला. "आई, मी कसा चालायचो गं?"

"कसा म्हणजे? बदकासारखा! फताडे पाय टाकत, बाबांवर गेलास ना! का रे, पडलास की काय?"

मी हसू दाबलं. तो मात्र उठून उभा राहिला.

दोन दिवस, शूटिंगच्या आधी आणि नंतर, रिकाम्या गोदामात तो चालला. खांदे ताठ झाले, की मी ओरडायचे, "पुन्हा!" घोटा सुजला, तरी थांबला नाही. "आता आलं नाही, तर माझं मलाच तोंड दाखवणार नाही," म्हणाला.

परवाची सकाळ उजाडली. तो दारातून आत आला… पाय बाहेर टाकत, खांदे सैल, कसलीच घाई नसलेला. दिग्दर्शक बघतच राहिले. "हाच भाऊ!"

"आता माझा मार कोण खाणार?" हिरोनं मागून विचारलं आणि सगळे हसले.

तो माझ्याजवळ आला. कान लालबुंद. "आईला कळवलं. विचारत होती, घोड्याएवढ्या मुलाला चालायला शिकवणारी आहे तरी कोण? रविवारी घेऊन ये, म्हणाली."

"काय म्हणून नेणार?"

"म्हणजे… सेटवरची… किंवा…" तीन मजल्यांना न घाबरणारा माणूस चाचरत होता.

"किंवा?"

"तुम्ही मला आवडता. फार!"

मी वही मिटली. "मग होणारी सून म्हणून ने. आणि ते 'तुम्ही' आधी बंद कर."

"बरं… तू… येशील?"

"येणार म्हणजे येणारच!"