रिकाम्या खुर्चीतला पाहुणा

अण्णांच्या मेंदूच्या चित्रात सोमवारी लिंबाएवढा पांढरा डाग होता. पुढच्या सोमवारी तो नव्हता. डॉक्टरांनी तर अजून औषधही सुरू केलं नव्हतं. मग डाग गेला कुठे?

अण्णा म्हणजे शाल्मलीचे आजोबा. मंगळावरच्या वादळांचा अभ्यास करणारा हा हुशार माणूस महिनाभर जेवताना शेजारच्या रिकाम्या खुर्चीशी बोलत होता. शाल्मली तिथे बसायला गेली की अण्णा ओरडायचे, "अगं, तिथं ते बसलेत!" भरदुपारी तिच्या अंगावर काटा यायचा.

डाग गेला तशा त्या गप्पाही थांबल्या. आत्याने पेढे आणले. "देव पावला! आता तपासणीसाठी कशाला डोक्यात सुई घालायची?"

रुग्णालयातल्या चौकस नावाच्या यंत्रमानवाने पेढ्यांकडे पाहिलंही नाही. त्याला तोंड नव्हतं, ही गोष्ट वेगळी. "घरी कुणी काही गोळी दिली का?" त्याने विचारलं.

"छे! कुणी नाही," आत्या म्हणाली.

शाल्मलीने मात्र पाहिलं होतं. उरलेलं औषध टाकायचं नाही, डब्यात जपून ठेवायचं, ही आत्याची जुनी खोड. पहिल्या चित्रानंतर अण्णांचं डोकं ठणकायला लागलं, तेव्हा तिने आपल्या दम्याच्या उरलेल्या गोळ्या त्यांना रोज दिल्या होत्या, त्याही मायेने. सांगितलं तर आत्या दुखावणार. पण गप्प बसलं आणि अण्णा गेले तर? शाल्मलीने रडत रडत सांगून टाकलं.

"त्यात स्टेरॉइड (सूज उतरवणारं औषध) असतं," चौकस म्हणाला. "अण्णांना बहुधा मेंदूचा लिम्फोमा आहे. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच बिघडतात आणि मेंदूत वाढत सुटतात. लाखात एखाद्याला होतो. स्टेरॉइडने त्यातल्या पुष्कळ मरतात, डाग पुसला जातो. पण थोड्या दडून बसतात."

"मग आत्ताच शोधा ना!"

"बायोप्सीत (सुईने काढलेल्या कणभर तुकड्याच्या तपासणीत) आता काही सापडणार नाही. आणि चोर कोण ते कळल्याशिवाय शिक्षा कुणाला करायची? डॉक्टर गोळ्या हळूहळू बंद करतील. मग वाट बघायची."

"कशाची?"

"तो परत येण्याची."

त्या दिवसापासून घरात सगळे खुर्चीकडे डोळे लावून जेवू लागले. आत्याने औषधांचा डबा रिकामा केला. एकविसाव्या दिवशी अण्णा खुर्चीकडे बघून हसले. "या, बसा. फार दिवसांनी आलात!" शाल्मलीचा घास हातातच राहिला. ती घाबरली, आणि खरं सांगायचं तर तिला आनंदही झाला: आता चोर पकडता येणार होता.

डॉक्टरांच्या सुईला चोर सापडला. तो लिम्फोमाच होता.

"मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर कडक पहारा असतो," चौकसने समजावलं. "बरीचशी औषधं आत शिरूच शकत नाहीत. म्हणून मेथोट्रेक्सेट हे औषध शिरेतून खूप मोठ्या मात्रेत देतात, म्हणजे पुरेसं आत पोचतं. मागोमाग बाकीच्या शरीराला सांभाळणारं दुसरं औषध."

"अण्णा बरे होतील?"

"सगळेच होत नाहीत. पण आता आपल्याला माहीत आहे, लढायचं कुणाशी."

पाच महिन्यांनी डाग पुन्हा गेला होता, या वेळी खऱ्या औषधाने. तरी दर तीन महिन्यांनी चौकस अण्णांच्या मेंदूत डोकावून बघणारच होता. त्या दुपारी अण्णा जेवायला बसले आणि शेजारच्या खुर्चीकडे टक लावून पाहू लागले. आत्याच्या हातातली पळी थांबली.

"ही खुर्ची रिकामी का ठेवलीय?" अण्णा म्हणाले. "शाल्मले, ये, बस इथं."

शाल्मलीने आधी खुर्ची हाताने चाचपून पाहिली. मगच ती बसली.