सालीत रंगवलेला गंजीफ्रॉक

खोटं वाटेल त्याने खुशाल पुढे जावं. मला कुणाची मनधरणी करायची नाही. हे माझ्या बाबांच्या बाबतीत घडलंय.

साल १९५९. मुरुडजवळचा आमचा कोळीवाडा. नारळी पुनवेच्या आधीचे दिवस.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असायच्या, म्हणून आमची माणसं फुटबॉल खेळायची. क्लबची जर्सी म्हणजे काय, तर अकरा पांढरे गंजीफ्रॉक. जाळी रंगवायच्या कढईत, झाडाच्या सालीच्या पाण्यात उकळलेले. सगळा संघ तांबडा-तपकिरी!

पुनवेला नारळ वाहिल्याशिवाय आमच्यात कुणी होडी काढत नाही. पण त्या वर्षी सामना खाडीपलीकडे, दिघीला होता.

"खाडी म्हंजे काय दर्या न्हाय," असं बाबाच म्हणाले.

होडी उलटली.

दहा जण पोहून आले. अकरावा, बाबांना 'दादूस' म्हणणारा त्यांचा धाकटा भाऊ भिकूकाका, आलाच नाही. अंगावर तोच गंजीफ्रॉक होता.

क्लबचा मोसम तिथेच संपला.

भिकूकाकाची बायको राहीकाकी बांगड्या फोडायला तयार होईना. "आधी त्यांना दाखवा," एवढंच म्हणायची. त्याचं ताट वाढून दारात बसायची. तो जेवल्याशिवाय हिच्या तोंडात घास नाही. पंधरा दिवसांत नुसती हाडं उरली. त्यात पोटात चार महिन्यांचं पोर!

दोन जीव जाणार, हे बाबांना दिसत होतं.

मग बाबांनी खोटेपणा केला. नवा गंजीफ्रॉक सालीत रंगवला, फाडला, आणि एका पहाटे खडकाच्या फटीत खुपसून आले. उजाडल्यावर चार माणसं घेऊन गेले, ओढून काढला आणि काकीपुढे ठेवला.

काकीने तो उलटा केला. काखेत हिरव्या दोऱ्याचे तीन टाके...

"माझंच टाकं हायत," ती म्हणाली.

बाबांच्या पायाखालची वाळू सरकली. त्यांनी सुईला हातही लावला नव्हता!

काकीने बांगड्या फोडल्या. दुपारी भात जेवली.

बाबा धावत खडकावर गेले. फटीत हात घातला...

त्यांनी स्वतः फाडलेला गंजीफ्रॉक आतच होता.

संध्याकाळी काकीने त्यांना हाक मारली.

"भावजी, पहाटं ते दारात आलं व्हतं."



"उघड्या अंगानंच व्हतं. अंगातून पानी गळत व्हतं. मी इचारलं, गंजीफ्रॉक कुठं हाय? तर म्हनले..."

तिने उंबऱ्याकडे बोट दाखवलं.

"म्हनले, दादूसला पायजे व्हता. देऊन आलो."

काकी जगली. पोरही जगलं. बाबांनी मात्र हे चाळीस वर्षं पोटात ठेवलं. शेवटच्या आजारात मला सांगितलं आणि ढसाढसा रडले.

"पावसात त्याच्या अंगावर येवढा येकच कपडा व्हता, बाय. तो पन मी काढून घेतला."



आजही पावसात अवेळी दार वाजलं की मी आधी हातात कोरडा सदरा घेते. मगच कडी काढते.